साडूंचे दहा उलटे बोर्ड

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकच वस्तू दुकानातून तयार विकत घेतली, ती म्हणजे हेल्मेट. आणि तेसुद्धा घरी आणल्यावर उघडून बघितलं. बाकी त्यांच्या घरात जे जे चालतं, फिरतं, पेटतं किंवा वाजतं, ते सगळं त्यांनी स्वतः जुळवलेलं आहे. त्यांच्या दाराची घंटा दाबली की आधी हॉलमधला लाल दिवा लागतो आणि मग घंटा वाजते. "दिवा कशाला हो?" असं मी एकदा विचारलं होतं. "सोय आहे भो," एवढंच म्हणाले. साडू मूळचे जळगावकडचे, त्यामुळे त्यांच्या बहुतेक वाक्यांच्या शेवटी एक 'भो', म्हणजे भाऊ, असतो. तो आला की समजायचं, विषय संपला.

आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे, आणि दोघंही नोकरीपायी सिल्वासात येऊन पडलेले. मी एका कारखान्याच्या ऑफिसात कागद हलवतो. साडू राखोलीच्या एका कारखान्याच्या शेडमध्ये धाग्याला पीळ देणारी यंत्रं दुरुस्त करतात. वीस वर्षं झाली. त्या शेडमध्ये इतका आवाज असतो की तिथली माणसं तोंडानं बोलतच नाहीत, हातांनी बोलतात. साडूंनी ती भाषा घरी आणली. डोकमर्डीत आमची घरं दोन इमारतींच्या अंतरावर आहेत. त्यांच्या बाल्कनीतून ते मला दोन बोटं दाखवतात, मग मूठ फिरवतात, मग कपाळाला हात लावतात. याचा अर्थ 'दोघंही या, चहा टाकलाय, तुमची मेहुणी चिडलेली आहे.' आमच्या इमारतीतल्या एका गुजराती काकांचा बरेच दिवस असा समज होता की हे गृहस्थ कबुतरं हाकलतात.

पण साडूंचं खरं वेड म्हणजे हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर. मोबाइल आणि हेडफोन यांच्यामध्ये लावायची, खिशात मावणारी एक डबी. आवाज मोठा आणि भरदार करायचा, एवढंच तिचं काम. ही डबी म्हणजे त्यांच्या हातात शाळकरी मुलांची पत्र्याची कंपासपेटी. मापही बरोबर, झाकणही घट्ट. पेटीच्या आतलं सामान ते पाहुण्यांना वाटून टाकतात. आमच्या घरात आजमितीला सात कोनमापक आहेत आणि मोजण्यासारखा एकही कोन नाही.

पेटी मिळते, चिप मिळते, अडतं ते चिप बसवायच्या सर्किट बोर्डाशी. सुरुवातीला साडू बोर्ड घरीच करायचे. तांब्याच्या पत्र्यावर इस्त्रीनं नक्षी छापायची आणि मग तो पत्रा तपकिरी रसायनात बुडवून ठेवायचा. इस्त्री मेहुणीची. रसायन ज्या परातीत ओतलं, ती परातही तिचीच, रुखवतातली. त्या संध्याकाळी साडूंनी बाल्कनीतून मला जी खूण केली, ती मला आजवर उलगडलेली नाही, पण तिच्यात दोन्ही हात वापरले होते. मग ते राखोलीच्या भंगारवाल्याकडे जाऊ लागले. भंगारवाला जुने टीव्ही, जुने चार्जर त्यांच्यापुढे ओतायचा, आणि साडू त्यातला एकेक बोर्ड उन्हात धरून वैद्यानं जीभ बघावी तसा बघायचे. शेवटी त्यांनी ठरवलं, नक्षी आपण काढायची आणि बोर्ड बाहेरून करवून मागवायचे.

आता सिल्वासात काही मागवणं म्हणजे सोपं काम नव्हे. आमच्या केंद्रशासित प्रदेशाचं पूर्ण नाव, दोन प्रदेश एक केल्यापासून, इतकं लांब झालंय की पाकिटावर ते लिहिलं की आत बोर्ड ठेवायला जागा उरत नाही. बोर्ड करणाऱ्यांच्या यादीत ते नाव नव्हतंच. साडूंनी शेजारचं 'गुजरात' निवडलं. पाकीट इमानेइतबारे गुजरातभर फिरलं आणि वापीला येऊन बसलं. माहेरी रुसून बसलेल्या बायकोला आणायला जावं तसे साडू स्कूटरवरून वापीला गेले आणि पाकीट छातीशी धरून आले.

आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी ते उघडलं. हिरवेगार, चकचकीत, दहा बोर्ड. कमीत कमी दहाच करून मिळतात म्हणे. साडूंनी एक उचलला, चिप त्यावर टेकवली, उचलली, फिरवून टेकवली, आणि खाली बसले. नक्षी काढताना त्यांनी बोर्ड खालच्या बाजूनं बघितला होता. त्यामुळे आरशात दिसावं तसं सगळं उलटं होऊन आलं होतं. डाव्या पायाची भोकं उजवीकडे, उजव्याची डावीकडे. एक चुकला असता तर चुकला म्हणता आलं असतं. दहाच्या दहा.

"टाका हो," मी म्हटलं. "दुसरे मागवा."

"बोर्डाची काय चूक भो?" ते दुखावून म्हणाले. "त्याला जसं सांगितलं तसा आला बिचारा."

आणि मग साडूंनी जे केलं ते या पृथ्वीतलावर दुसऱ्या कोणी केलं नसतं. त्यांनी चिपच उलटी केली. तिला पाठीवर झोपवलं, तिचे आठही पाय चिमट्यानं एकेक करून मागे वळवले आणि त्या उलट्या बोर्डावर सुलट्या ओळीत बसवले. वीजप्रवाहाला काही कळलंच नाही. पेटीचं झाकण उघडलं की आत आठ पायांचं एक झुरळ उताणं पडलेलं दिसायचं, पण आवाज यायचा. दोन पेट्या प्रयोगात जळल्या. पुढल्या वर्षभरात सहा पेट्या त्यांनी शिफ्टमधल्या सोबत्यांना वाटल्या. उरले दोन बोर्ड.

पेटी देण्याआधी परीक्षा असे. पेटीची नव्हे, ऐकणाऱ्याची. साडू त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण लावायचे. गाणंबिणं नाही. मेहुणी भाकऱ्या थापतेय त्याचा आवाज. थप, थप, थप. साडू त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत विचारायचे, "बांगड्या आल्या का? मागे सुरसुर येते का?" बांगड्या यायच्या, काचेच्या, अगदी किणकिण. आणि सुरसुरही यायची, पाल्यातून साप जावा तशी. पण त्या डोळ्यांकडे बघून ते सांगायची कोणाची हिंमत नव्हती. "छे! सुरसुर कुठली!" मी म्हणायचो, आणि साडूंचा चेहरा उजळायचा. वासोण्याच्या अभयारण्यात सिंह बघायला गेलो तेव्हा जाळीच्या गाडीत आम्ही सगळे सीटखाली जायच्या बेतात होतो, आणि हे मोबाइलवर डरकाळी टिपून माझ्या कानांना हेडफोन लावत होते. "फाटतो का भो आवाज?" फाटलो होतो मी. पण ते खुलेपणानं सांगण्यासारखं नव्हतं.

आता आईबद्दल सांगतो. माझी आई नाशिककडची, आणि बोलण्यात माझी गुरू. ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या कानांनी हळूहळू रजा घ्यायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. "कानात चहाचं आधण ठेवल्यासारखं शिट्ट्या मारतं मेलं," म्हणत तिनं ते शिवणाच्या डब्यात, बटणांच्या सोबतीला ठेवून दिलं. पुन्हा जाऊ या म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायची. मग ती जेवताना गप्प बसू लागली. सगळे हसले की अर्ध्या क्षणानं हसायची. मग तेही बंद केलं आणि ताट घेऊन खिडकीपाशी बसू लागली. माझी आई, जिनं एकेकाळी नळावरच्या भांडणात तिन्ही बाजूंनी युक्तिवाद केलेले होते! ते बघून मी उगाचच जास्त बडबड करायचो.

साडू दर रविवारी सहकुटुंब जेवायला येत. आई खिडकीपाशी बसू लागल्यावर तिसऱ्या रविवारी ते नवव्या बोर्डाची कंपासपेटी घेऊन आले. पेटीला लांब वायर, वायरीच्या टोकाला बॉलपेनचं टोपण, टोपणात इवलासा माइक. "मावशींना सांगा, बटण अर्ध्याच्या पुढे जाणार नाही. आतून अडवलंय. कानाला इजा नको."

आईनं पदरावरून हेडफोन चढवले. मी टोपण हातात घेतलं, घसा साफ केला आणि नाटकातल्या राजपुत्राच्या थाटात म्हणालो, "मातोश्री, आपल्या सुपुत्राचा आवाज—"

"हळू बोल रे मेल्या!" आई म्हणाली. "लहानपणापासून सवय घाणेरडी." मग तिनं मान वर केली. "हा पंखा इतका कुरकुरतो? आणि मला कोणी सांगितलं नाही?" माझ्या बायकोनं माझ्या हातातून टोपण घेतलं आणि त्या दोघी जे सुरू झाल्या ते भाजी गार होईपर्यंत. तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला, आईशी बोलायचं त्यानं टोपण धरायचं, एका वेळी एकानं. आमच्या घराला इतकी शिस्त कधीच नव्हती. आई ताट घेऊन परत टेबलाशी आली.

आणि ऐकू येऊ लागल्यावर महिन्याभरात तिनं जे पाहिलं, ते मला वीस वर्षांत दिसलं नव्हतं. एका रविवारी स्वयंपाकघरातून मेहुणीनं साडूंना हाक मारली. पुन्हा मारली. साडू माझ्याकडे बघत भात कालवत होते.

"पाहुणे," आई म्हणाली, "तुमची बायको दोनदा हाक मारून थकली. मी ऐकली. मी!"

साडू हसले. "लक्ष नव्हतं मावशी."

"लक्ष होतं. कान नव्हते. तुम्ही ओठ बघता. दोन वर्षं मीही तेच करतेय, मला शिकवू नका."

मी हसणार होतो, पण हसू मध्येच राहिलं. दाराचा लाल दिवा. बाल्कनीतल्या खुणा. बांगड्या आल्या का, सुरसुर येते का. ते आमची परीक्षा घेत नव्हते. शेडनं त्यांच्या कानांतले बारीक आवाज कधीच नेले होते आणि ते आमचे कान उसने मागत होते. आणि मी पठ्ठ्या दर वेळी खोटं बोललो होतो.

"तुझा दहावा बोर्ड कुठाय?" आईनं विचारलं. 'पाहुणे' आणि 'तुम्ही' दोन्ही एकदम गेले होते.

"कोणाला लागला तर असावा म्हणून ठेवलाय."

"लागलाय."

पुढच्या रविवारी ते पेटी घेऊन आले, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखे. आईनं त्यांना हेडफोन घालायला लावले आणि टोपण घेऊन ती स्वयंपाकघराकडे निघाली. वायर पुरेना. तेव्हा मी आणि माझ्या बायकोनं साडूंना खुर्चीसकट उचलून स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवलं. आत मेहुणी भाकऱ्या थापत होती. आईनं टोपण तिच्या मनगटाजवळ धरलं.

थप, थप. साडू ताठ बसले. त्यांच्या कपाळावर आठी पडली, वाढली, आणि ते गरजले, "सुरसुर येते! सगळे खोटं बोलले! चांगली धो धो सुरसुर येते भो!"

"येते," मी कबूल केलं. "पहिल्या पेटीपासून येते."

ते मला आणखी काही सुनावणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात मेहुणीनं भाकरी फिरवली, बांगड्या किणकिणल्या, आणि त्यांचा हात आपोआप वर झाला. शेडमध्ये यंत्र थांबवायला सांगताना करतात तसा. आम्ही सगळे थांबलो. मेहुणीही थांबली.

"तू नको थांबू," साडू म्हणाले. अगदी हळू म्हणाले, आणि शेवटी 'भो' नव्हता.

सुरसुर घालवण्यासाठी त्यांनी हल्ली नवी नक्षी काढलीय, आणि ती सुलटी आहे की नाही ते बघायला मला तिचा कागद तीनदा आरशासमोर धरायला लावलाय. नवे दहा आता वापीपर्यंत आले असतील. त्यातला एक मी आधीच मागून ठेवलाय, कशाला ते माहीत नाही. त्या रविवारी मात्र आम्हाला जेवायला फार उशीर झाला. ती भाकरी थापून थापून परातभर पसरली, कडेनं फाटली, तरी मेहुणी थापत राहिली, आणि आईनं टोपण धरलेला हात खाली घेतला नाही.