उजेड की पुऱ्या

१९६२ साली ढाणकीत डिझेल इंजिनाचं छोटंसं पावरहाऊस आलं. दुपारी चार ते सहा पिठाच्या चक्क्यांसाठी वीज, संध्याकाळी सहा ते दहा दिव्यांसाठी. बाकी वेळ इंजिन गार. ते चालवायला उकंडाला ठेवलं. कापसाच्या जिनिंगमधल्या इंजिनावर हात काळे करून तो शिकलेला. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर लोळवून हे नाव दिलं होतं. छप्पन साली त्यानं घरादारासकट बुद्ध धम्म घेतला, तरी गावाच्या तोंडी तो उकंड्याच राहिला. फक्त दिवेलागणीला त्याचा 'उकंडराव' व्हायचा. दहाला इंजिन थांबलं, की पुन्हा उकंड्या.

इंजिनाच्या आवाजावरून तो सांगायचा, "कोणीतरी मोठा बल्ब लावला." आणि ते खरं निघायचं. त्याची बायको सत्यशीला म्हणायची, "माहा खोकला याले ऐकू येत नाही, गावातला बल्ब बरोबर ऐकू येते!"

एकदा गावातल्या श्रावण शेटजींच्या मुलीचं लग्न निघालं. उमरखेडचे व्याही रामलालजी यांची एकच अट होती. मांडवात गॅसबत्ती दिसता कामा नये, रोषणाई विजेचीच हवी. शंभर बल्ब लागले, व्याह्यांच्या गादीजवळ पंखा लागला. उकंडानं रस्त्यावरचे दिवे बंद ठेवले, तेव्हा कुठं जमलं.

अक्षता पडल्या आणि पंगत बसायच्या वेळी इंजिन कण्हायला लागलं. धुराड्यातून काळा धूर निघाला. उकंडानं डोळे मिटून क्षणभर ऐकलं.

"चक्की! कोणीतरी चक्की लावली!" तो शेजारी बसलेल्या सत्यशीलाला म्हणाला, "इंजिन बसाले लागलं तं हा बंद कराचा दांडा ओढजो," आणि पळत सुटला.

मांडवामागे शेटजींचीच चक्की घरघरत होती. पाहुणे दुप्पट आले होते आणि पुऱ्यांचं पीठ संपलं होतं.

"शेटजी, चक्की काहून लावली? इंजिन मरून राह्यलं!"

"हळू बोल उकंडराव, व्याही ऐकतीन!"

"चक्की पाह्यजे तं मांडवातले बल्ब बंद करा लागतीन. दोन्ही होत नाही."

"बल्ब बंद केले तं माही इज्जत जाईन ना बाप्पा!"

पंखा का मंदावला ते पाहायला रामलालजी नेमके तिथं येऊन उभे राहिले. "काय भानगड आहे?"

शेटजी घाईनं चक्कीच्या आडवे आले. उकंडानं सरळ सांगितलं, "पाहुणे, उजेड तरी घ्या, नाही तं पुऱ्या तरी."

रामलालजींनी बल्बांकडे पाहिलं, मग रिकाम्या कढईकडे.

"सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. बंद करा ते बल्ब!"

"पण तुमची अट?" शेटजी चाचरत म्हणाले.

"अट मी भरल्या पोटी घातली होती!"

शेजारपाजारच्या गॅसबत्त्या आल्या, पीठ निघालं, पुऱ्या फुगल्या. पंगती उठेपर्यंत मांडवात कोणालाही रोषणाईची आठवण आली नाही.

उकंडा तोवर इंजिनाजवळ परतला होता. सत्यशीला दांड्याला हात लावून ताठ उभी होती. थोड्या वेळानं दारात रामलालजी दिसले. हातात पुऱ्यांचं भरलेलं ताट होतं, मागून धापा टाकत शेटजी.

"हे काय व्याहीबुवा, गड्यानं आणून देलं असतं ना!"

रामलालजींनी लक्षच दिलं नाही. हत्यारांच्या पेटीवर बसून त्यांनी ताट मधे ठेवलं, उकंडाला आणि सत्यशीलाला बसायची खूण केली आणि त्याच ताटातली एक पुरी स्वतः उचलली. शेटजींनी ओरडून काहीतरी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात ते कोणालाच ऐकू आलं नाही.