मोटरीच्या मागची मैनाबाई

गोंदियापलीकडच्या बालाघाटात आणि आसपासच्या खेड्यांत साठ-सत्तरच्या सालांत ज्यांची लग्नं झाली, त्यांच्यापैकी बऱ्याच घरांत एक फोटो सापडेल. टप नसलेली, दोनच सीटांची बुटकी मोटर, तिला जुंपलेली बैलजोडी, आत मुंडावळ्या बांधलेले नवरा-नवरी. फोटोत मोटर काळी दिसते. प्रत्यक्षात ती लालभडक होती. मोटरीच्या मागे, फोटोच्या अगदी कडेला, फिक्या बिनकाठाच्या लुगड्यातली एक बाई उभी असते. तिच्या हातात लाकडाचा ठोकळा असतो. नातवंडं विचारतात, ही कोण? घरातलं कोणीतरी सांगतं, ती मोटरवाली मैनाबाई. त्यापुढे कोणाला फारसं सांगता येत नाही. मला येतं, कारण ती मोटर आमच्या घरामागच्या टांग्याच्या शेडमध्ये राहत असे.

मोटर मूळची तिरोडीच्या खाणीवरच्या एका इंग्रज मॅनेजरची. शर्यतीत पळवायची विलायती गाडी. तिचं नाव पुढच्या जाळीवर होतं म्हणे, पण ते कधीच गळून पडलं होतं. मैनाबाईचा नवरा भोजराज हा साहेबाचा ड्रायव्हर. साहेब छप्पन्न साली विलायतेला परत गेला तेव्हा गाडी त्यालाच देऊन गेला. भोजराज बायकोसह बालाघाटला आला आणि माझे सासरे बंडोपंत यांना भेटला. आमचा घोडा मेल्यापासून टांग्याची शेड रिकामीच होती. मामंजींनी ती त्याला वापरायला दिली, आणि भोजराज लग्नाकार्याला मोटर भाड्याने देऊ लागला.

पहिलंच लग्न परसवाड्याकडचं होतं. जाताना काही अडलं नाही. भोजराज चालवायला, शेजारी नवरदेव. अडलं ते परतताना. अक्षता पडल्या, नवरीला बाहेर आणलं, आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की मोटरीत जागा दोनच. भोजराज उतरला तर चालवणार कोण, आणि नवरदेव उतरला तर नवरी ड्रायव्हरबरोबर सासरी जाणार की काय, यावर मांडवात बराच वेळ हसणं झालं. शेवटी नवरीच्या बापाने आपले बैल आणले. मोटरीच्या पुढे दांडी बांधली, जू चढवलं. नवरदेवाला ड्रायव्हरच्या जागी बसवून हात मांडीवर ठेवायला सांगितलं, आणि भोजराज बाहेरून, बुटक्या दारावरून आत हात घालून, स्टिअरिंगचं चाक धरून चालत राहिला. गावच्या वेशीबाहेर मोटर सोडून छकड्यात बसायचं असं ठरलं होतं. पण वाटेत इतके लोक बघायला जमले की नवरदेवाने उतरायला नकार दिला.

पुढच्या लग्नापासून लोक बैलच मागू लागले. भोजराज म्हणे, इंजिन चांगलं आहे, वाऱ्यासारखी पळते. लोक म्हणत, पळून गेली तर पाहायची कोणी? वरातीला वेग नको असतो. त्यामुळे शर्यतीची ती गाडी बैलांच्या चालीने आमच्या मुलखात फिरली. लग्नसराई नसेल तेव्हा भोजराज एकटाच तिला बैहरच्या रस्त्यावर नेऊन आणायचा. तिलाही मोकळा श्वास लागतो, असं तो सांगायचा. आल्यावर त्याचे केस धुळीने भुरे झालेले असायचे आणि चेहरा लहान मुलासारखा.

मैनाबाई मोटर पुसायची, सीटांची खोळ शिवायची, झेंडूच्या माळा ओवायची. पण आत कधी बसली नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "त्या जागी नवरी बसते, वकिलीणबाई. मी काय आता दुसऱ्यांदा लगन लावू?" भोजराज तिथेच चाकाला वंगण लावत होता. तो म्हणाला, "लाव. भाडं घेणार नाही." तिने ओलं फडकं त्याच्या पाठीवर मारलं.

चौसष्टच्या हिवाळ्यात भोजराज काविळीने गेला.

तेराव्यानंतर त्याचा धाकटा भाऊ शालिकराम आला. बैहरला लाकडाच्या आरागिरणीचा एक ठेकेदार होता, त्याला मोटरीचं इंजिन हवं होतं. बाकीचं तो भंगारात काढणार होता. शालिकराम वाईट माणूस नव्हता. वहिनीच्या पोटापाण्याची सोय व्हावी, असंच त्याला वाटत होतं. मैनाबाई आमच्या मागच्या ओट्यावर बसून त्याचं सगळं बोलणं ऐकत राहिली.

"आता लोकं म्हणतात, भोजराजची मोटर आहे," ती शेवटी म्हणाली. "विकली का मंग म्हणतील, भोजराजची मोटर होती. मले ते ऐकाचं नाही."

"अन् धंदा कोण करन?" शालिकरामने विचारलं.

"बैलं वढतात. धंदा म्या करन."

दोघांनाही ठाऊक होतं की अडचण बैलांची नाही. विधवेची सावलीसुद्धा लग्नाच्या मांडवात कोणाला चालत नव्हती. जिला स्वतःला कुंकू नाही, तिने नवरा-नवरीच्या मोटरीचं चाक धरून सगळ्यांपुढे चालावं, हे कोणी ऐकून तरी घेतलं असतं का? शालिकरामने एका लग्नसराईची मुदत दिली. तेवढ्यात मोटर चालती राहिली तर ठीक, नाहीतर ठेकेदार.

लोक मोटर ठरवायला येत. इसार देत. मग जाता जाता, पायात चपला घालताना, तेवढंच सांगत: बाई, तुम्ही येऊ नका. मोटर सजवून झाली की घरच्या सुवासिनी तिला हळदकुंकू लावत, आणि त्यानंतर मैनाबाईने तिला हात लावायचा नाही. ती हे मला सांगायची तेव्हा आवाजात तक्रार नसायची. लग्न त्यांचं आहे, ती म्हणायची.

चाक धरायला तिने महागू नावाचा गाडीवान ठेवला. माणूस भला, पण बैलांकडे बघणारा. मोटरीकडे बघायची त्याला सवय नव्हती. पहिल्याच सराईत एकदा मडगार्ड खांबाला घासून आलं, एकदा कोणीतरी भोंगा काढून नेला, एकदा सीटवर पानाची पिचकारी. मैनाबाई शेडमध्ये बसून ती खोळ धूत होती तेव्हा शालिकराम आला, मडगार्डवरून हात फिरवला आणि आणखी एकच सराई, असं म्हणून गेला.

म्हणून दुसऱ्या वर्षी ती वरातीमागे जाऊ लागली. कोणाला विचारलं नाही. मोटर, तिच्यामागे बँड, बँडमागे बायका, आणि त्या सगळ्यांच्याही मागे, धूळ खाली बसायला लागते तिथे, मैनाबाई. हातात तो ठोकळा, सागवानी गुटका. मोटरीचा हातब्रेक भोजराजच्या वेळेपासूनच घसरत असे, आणि उभ्या मोटरीच्या चाकाखाली लावायला तो हा गुटका जवळ बाळगत असे. महागू तो विसरायचा. मैनाबाईने तो आपल्याकडेच ठेवला.

सहासष्टच्या वैशाखात वैनगंगेच्या काठच्या एका गावात लग्न होतं. नवरदेवाची आत्या तुळसाबाई हिचा त्या घरात मोठा दरारा. ती स्वतः मांडवाच्या तोंडाशी उभी राहून कोणी कुठे बसायचं ते ठरवत होती. तिने मैनाबाईला दुरूनच पाहिलं आणि एका पोरीबरोबर निरोप धाडला की बँडच्या मागं राय, अन् नवरीच्या नदरीले पडू नोको. मैनाबाईने मान हलवली. ती तशीही तिथेच होती.

परतीच्या वाटेवर गावाबाहेर एक नाला लागतो. उन्हाळ्यात कोरडा, पण पलीकडची चढण उभी. बैलांनी ती अर्धी चढली. मागे बँडवाल्यांनी जोर चढवला, एक बैल बिचकून आडवा झाला आणि जुवाची दोरी तुटली. बैल मोकळे होऊन वर निघून गेले. मोटर क्षणभर जागच्या जागी थरथरली आणि मग मागे यायला लागली. महागू चाक धरून तिच्याबरोबर फरफटत होता. नवरदेवाने हातब्रेक ओढला, तो नुसताच वर आला. बँड दोन बाजूंना पांगला, बायका दोन बाजूंना पांगल्या, आणि वाट मोकळी झाली तेव्हा वाटेच्या मधोमध एकटी मैनाबाई उभी होती. सगळ्यांनी मिळून तिला जिथे ठेवलं होतं, तिथेच.

ती पुढे आली आणि तिने मागच्या चाकाखाली गुटका सारला. मोटर त्यावर चढून अडली, पण गुटका मातीत सरकायला लागला. तेव्हा तिने मोटरीकडे पाठ केली, पाय रोवले आणि पाठीने मोटर दाबून धरली. मोटर थांबली. सुवासिनींनी लावलेलं हळदकुंकू तिच्या लुगड्याला लागलं. तिच्या डोक्याच्या मागेच, हातभर अंतरावर, नवरीचा शालू होता.

मग सगळ्यांना कळलं की ही कोण आहे आणि कशाला टेकून उभी आहे. हे मला तिथे असलेल्या बाईने, दुर्गाबाईने सांगितलं. ती आमच्याकडे दूध घालायची. म्हणाली, बँड केव्हाच थांबला होता. सनईवाला आपला वाजवतच होता, त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याला कोणीतरी कोपराने ढोसून थांबवलं. मैनाबाईलाही तेव्हाच उमगलं असावं. ती मान वळवून तुळसाबाईकडे बघत होती आणि अंग काढून घ्यायच्या बेतात होती.

तुळसाबाई तिच्याजवळ आली. तिने नवरीकडे पाहिलं, मैनाबाईच्या लुगड्यावरच्या कुंकवाकडे पाहिलं.

"आता पाठ काढू नोको, माय," ती म्हणाली.

बैल शोधून, दोरी जोडून, पुन्हा जुंपेपर्यंत मैनाबाई तशीच उभी राहिली. उन्हाचा वेळ होता. तुळसाबाई तिच्या शेजारीच उभी होती. तिने एका माणसाला मोठा दगड आणायला सांगितला आणि दुसऱ्याला पाणी. पाणी आलं तेव्हा आधी नवरीला दिलं, मग मैनाबाईला. त्याच तांब्याने. बायकांत कोणीतरी काही पुटपुटलं. तुळसाबाई म्हणाली की ज्यांना अपशकुन वाटत असेल त्यांनी येऊन मोटर धरावी. कोणी आलं नाही.

त्या लग्नानंतर मैनाबाईला एक लुगडं आलं. आणि पुढल्या सराईत लोक मोटर ठरवायला आले ते नवीनच बोलू लागले. मोटर पाहिजे, अन् मांगं मैनाबाई पाहिजे. गावागावांत ती गोष्ट पसरली होती, आणि पसरता पसरता तिचा रिवाज झाला होता. मैनाबाई मागे असली की जोडप्याला घसरण नाही, असं बायका म्हणू लागल्या. फोटोवाले तिला थांबायला सांगू लागले. शालिकरामने ठेकेदाराचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट सुट्टीत येऊन मडगार्ड ठोकून सरळ करून गेला.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. लोकांनी नियम काही बदलला नाही. मांडवात तिला त्यानंतरही कोणी बोलावलं नाही, हळदीला तिचा हात लागला नाही, महागू म्हातारा झाला तरी चाक तिच्या हाती दिलं नाही. दुसरा गाडीवान आला. फक्त नियमाच्या कडेला तिच्यापुरती जागा झाली. ही जागा लहान की मोठी, ते मला ठरवता आलेलं नाही. तिला मी एकदा विचारलं, पुढे चालावंसं वाटत नाही का. ती म्हणाली, "पुढं बैलाचं शेपूट तोंडावर बसते."

एकाहत्तर साली माझे यजमान गेले. त्र्याहत्तरच्या माघात आमच्या प्रमोदिनीचं लग्न झालं. व्याही गोंदियाचे, त्यांनी लाल मोटरीबद्दल ऐकलं होतं आणि स्टेशनपर्यंतच्या पाठवणीला तीच हवी असं त्यांनीच कळवलं. कन्यादान माझ्या धाकट्या दिरांनी आणि जाऊबाई आशालताने केलं. मला कोणी आत बसा असं म्हणालं नाही. म्हणावं लागलंच नाही. मी नन्सच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली, घरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारी, आपली आपणच उठून मागच्या खोलीत जाऊन बसले आणि खिडकीतून मंगलाष्टकं ऐकली. मामंजी एकदा दारापर्यंत आले आणि परत गेले.

पाठवणीची वेळ झाली. पुढच्या अंगणात बँड लागला. प्रमोदिनी रडत होती, ते मला बँडमधूनही ऐकू येत होतं. मुलगी जाताना आपण तिचं तोंड बघणार की नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

मागचं दार वाजलं. मैनाबाई होती. सराईचं लुगडं नेसलेली, आणि हातात एक नव्हे, दोन गुटके.

"चला, वकिलीणबाई. चढण आहे. एकलीनं होत नाही."

आमच्या घरापासून बालाघाट स्टेशनपर्यंत रस्ता तळहातासारखा सपाट आहे. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी तिच्या हातातून गुटका घेतला. तो वाटला होता त्यापेक्षा जड होता.

आम्ही मागच्या दाराने बाहेर पडून शेडला वळसा घातला आणि रस्त्यावर आलो. बँड गेला, बायका गेल्या, त्यांच्यामागून आम्ही. काही जणींनी वळून पाहिलं. आशालताने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. स्टेशनच्या वळणावर फोटोवाल्याने मोटर थांबवली. थांबलेल्या मोटरीला गुटका लावावा लागतो, म्हणून मैनाबाई पुढे झाली, आणि मीही झाले. ती उजव्या चाकाशी वाकली, मी डाव्या. उठताना प्रमोदिनीचा हात माझ्या डोक्यावर आला. ती मागे वळली होती.

तो फोटो माझ्यासमोर आहे. मैनाबाई स्पष्ट आली आहे, कारण तिला थांबायची सवय होती. मी थोडी हललेली आहे.