कमरेवरचा तांदूळ

वत्सला मॅडम होसूर रोडवरून चालायच्या तेव्हा त्यांच्या एका हातात मोबाइल असे आणि कमरेवर, आजारी पोर घ्यावं तशी, तांदळाची पिशवी. पिशवी माझ्याच दुकानातली. बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यात हातगाडीपासून सुरुवात करून मी दुमजली इमारत उभी केली आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की कुठवर ताणेल ते मला कळतं. या बाईंनी भावच केला नाही. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्या मूळच्या चिकोडीकडच्या. कुठल्या घरातून सरकारी दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो, त्याचे नकाशे संगणकावर करायच्या. सहज पोचणारी घरं हिरवी, हाल होणारी लाल. आमच्याकडे नवा दवाखाना यायचा होता आणि जागा दोन होत्या. एक माझा रिकामा गाळा, दुसरा रस्त्यापलीकडे मंजुनाथ हार्डवेअरवाल्याचा. कामगारांची वस्तीही पलीकडेच, पण माझ्या अगदी समोर. मंजुनाथ तिच्यापासून चांगला पुढे. तरी नकाशात जवळचा निघाला मंजुनाथ!

मी आवाज चढवला. वस्तीतल्या दोरीवरचे कपडे माझ्या गल्ल्यावरून दिसतात, आणि लांब मी? नकाशातला दवाखान्याचा ठिपका थोडा सरकवा, मी भाड्यात थोडा सरकतो, असंही सुचवून पाहिलं.

"पट्टीनं मोजलेलं अंतर पट्टीनंच चालावं, अण्णा," बाई म्हणाल्या. "माणसानं चालून बघावं की."

मला वस्तीत नेऊन त्यांनी पिशवी माझ्या कमरेवर दिली आणि माझ्याच दुकानाकडे चालायला लावलं. मध्ये रस्त्याचा उंच दुभाजक. हट्टानं एक पाय पलीकडे टाकला आणि तांदळासकट तिथेच अडकलो. एक रिक्षावाला जाता जाता म्हणाला, "अण्णा, मगु हुषारु." पोराला सांभाळ. शेवटी उतरलो आणि लांबच्या भुयारी रस्त्यानं वळसा घालून दुकानात पोचलो, तेव्हा तोंडातून शिवीही निघेना.

दवाखाना मंजुनाथकडे गेला. मग मी पादचारी पुलाच्या मागे लागलो. पूल झाला की जवळचा मीच. बघू मग नकाशा काय म्हणतो. वॉर्ड ऑफिसात भांडलो, इंजिनिअरला जेवताना गाठलं. अर्जाला जोडायचे नकाशे मॅडमनी न मागता काढून दिले. मला वाटलं, बाईंना उपरती झाली.

पूल झाला. पेढे घेऊन गेलो आणि म्हटलं, आता हलवा ठिपका. त्यांनी नवा नकाशा उघडला. दवाखाना होता तिथेच. माझ्या दुकानामागच्या भाड्याच्या खोल्या मात्र लालच्या हिरव्या झाल्या होत्या.

"हिकडची माणसं कुठल्याच दवाखान्याला जवळ नव्हती, अण्णा. आता पूल चढून जातात की."

"आणि भाडं मंजुनाथला?"

"ते हाय की," म्हणत त्यांनी दुसरा पेढा घेतला.

लवकरच त्यांची कलबुर्गीला बदली झाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा पिशवी कमरेवर होतीच. तिकडेही एखादा तापट दुकानदार त्यांना सापडला असेल.

पोरं घेतलेल्या बायका पुलाच्या पायथ्याशी मलाच दवाखाना विचारतात. मी मंजुनाथचं नाव न घेता पुलापलीकडे बोट दाखवतो. बाईंनी माझ्याकडे कधी कशाचा भाव केला नाही. एक पूल तेवढा फुकट नेला.