दोघांचा झुला

पार्सल फोडल्यावर आतून हिरव्या कापडाचा झुला निघाला आणि त्याच्यासोबत दोन बारीक दोऱ्या. कपडे वाळत घालायच्या दोरीहून थोड्या जाड, इतकंच. मी एक दोरी बोटांतून ओढून बघितली आणि म्हणाले, "आवं, ह्यावर दोन माणसं न्हाई पेलायची."

"मग वैरणीचा दोर हाय की गोठ्यात," हे म्हणाले.

हे फौजेतून निवृत्त होऊन घरी आले, त्यानंतरचा तो पहिलाच महिना. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली आणि त्यातला बहुतेक काळ आम्ही फोनवरच संसार केलेला. ईशान्येकडच्या जंगलात यांचं पोस्टिंग होतं तेव्हा जमीन कायम ओली, जळवा फार, म्हणून जवान दोन झाडांत झुला बांधून झोपायचे. तिथून फोन आला की हे म्हणायचे, "रिटायर झालो की तुला मेढ्याकडच्या डोंगरात नेतो. असाच झुला बांधायचा आन दिवसभर नुसतं पडायचं. कुणी हाक मारायची न्हाई." उंब्रजजवळच्या आमच्या गावात तेव्हा घरात रेंज नसायची. शाळेतून शिकवून आले की मी गच्चीवर उभी राहून ते ऐकायची. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं वाळलेले कपडे काढत.

दर सुट्टीत ते ठरायचं आणि दर सुट्टी दुसऱ्याच कशात जायची. एकदा नणंदेचं लग्न, एकदा सासऱ्यांचं ऑपरेशन, एकदा ऊसतोडीची टोळी नेमकी त्याच आठवड्यात आली. शेवटच्या दिवशी बॅग भरताना हे म्हणायचे, "झुल्याचं पुढच्या बारीला." मी मान डोलवायची आणि डब्यात चटणी भरायची.

दोराचं मला कळतं ते माहेरामुळं. माहेर कवठे महांकाळकडचं. वडलांची मेंढरं होती, वर्षातले कित्येक महिने सगळं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. आई धाकट्या भावाची झोळी बाभळीच्या फांदीला टांगायची. आधी फांदीवर जुन्या घोंगड्याची घडी, तिच्यावरून दोर. दोर रोज बोटांतून ओढून बघायची. जिथं केसाळ लागला तिथं तो आतून गेला, असं समजायची आणि तेवढा तुकडा काढून टाकायची. तिनं हे कुणाला शिकवलं नाही, पण बघून बघून माझ्या बोटांना ते कळायला लागलं.

पण त्या दिवशी यांना घाई फार होती. गोठ्यातला नायलॉनचा दोर घेऊन आम्ही शेतात गेलो. बांधावर आंबा आणि जांभूळ अशी दोन झाडं सोयीच्या अंतरावर होती. यांनी दोर ओढून ओढून झुला अगदी ताठ बांधला, खाटेसारखा.

"एवढा ताणू नगा," मी म्हणाले.

"अगं, सैल बांधला तर भुईला टेकंल."

हे आधी बसले. मग पाय वर घेऊन आडवे झाले आणि माझ्याकडं बघून हसले. मी पदर खोचून पुढं झाले, तेवढ्यात जांभळाकडची गाठ सरकली. गुळगुळीत दोर, सरकायला लागला तो थांबलाच नाही. हे पाठीवर पडले. मी खाली बसून यांच्या मानेखाली हात घातला. हे म्हणाले ते एवढंच, "तू बसली न्हाईस ते बरं झालं."

हाड मोडलं नव्हतं. कराडच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून मुका मार आहे म्हणून सांगितलं आणि तीन आठवडे विश्रांती घ्यायला लावली. कुणाला सांगितलं नाही, पण ते तीन आठवडे माझे फार सुखात गेले. मी शाळेत जाताना हे पलंगावर असायचे आणि परत यायची तेव्हाही पलंगावरच असायचे. नवरा घरी आहे हे माहीत असून घरी येणं मला त्या वयात नवीन होतं. चहाचे दोन कप एकाच वेळी ओतायची सवय मला तेव्हा लागली.

पडल्या पडल्या हे मोबाईलवर झुला बांधायचं वाचत होते. फौजेतला माणूस, चूक झाली की ती मुळापासून तपासणार. एके दिवशी मला बोलावून हाताची बंदूक करून दाखवली, तर्जनी आडवी, अंगठा उभा.

"ह्या दोन टोकांना जोडणारी रेघ बघ. पट्ट्याचा कल एवढा पायजे, तीस अंशाचा. तसा बांधला तर दोन्हीकडच्या पट्ट्यावर आपल्या वजनाएवढा ताण येतो. मी बांधला तसा ताठ बांधला तर तोच ताण दुप्पट, तिप्पट."

"आई झोळी कवा ताणून बांधायची न्हाई," मी म्हणाले.

"मग त्याच दिवशी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं की!"

हे हसले. हसताना पाठ दुखली म्हणून मधेच थांबले.

बरे झाल्यावर आम्ही साताऱ्याला गेलो. डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात एक बाई होती, आमच्या लग्न झालेल्या मुलीच्या वयाची. तिनं आम्हाला हसण्यावारी नेलं नाही. झाडाला दोर बांधूच नका म्हणाली, तो सालीत रुततो. झाडाभोवती रुंद पट्टा हवा, आणि तो पॉलिस्टरचा, कारण नायलॉन वजन पडलं की ताणला जातो. पट्ट्याला ठिकठिकाणी शिवलेले फास होते, त्यामुळं गाठ मारायची गरजच नव्हती. झुला पट्ट्याला अडकवायला कडी घ्यायची, तर ती किती भार पेलते ते तिच्यावर कोरलेलं पाहिजे. चाव्यांना लावायची कडी तशीच दिसते पण ती नव्हे. मी प्रत्येक शिवण नखानं खरवडून बघितली. बाई म्हणाली, "काकू, तुम्ही ट्रेकिंग करता का?" मी म्हणाले, "मेंढरांमागं फिरलेय." यांनी तेवढ्यात दोघांची वजनं मिळवून, वर बरंच जास्तीचं वजन धरून, पट्टा निवडलासुद्धा.

माघ संपता संपता एका रविवारी आम्ही मोटारसायकलवरून मेढ्याच्या पुढं गेलो. ओळखीच्या माणसाची डोंगरउतारावर जागा होती, त्याला विचारून ठेवलं होतं. झाड निवडण्यातच तासभर गेला. एक जाड होतं पण वर वाळलेली फांदी लोंबत होती, ते सोडलं. एक पोकळ वाजलं. शेवटी एक जांभूळ आणि एक हिरडा, दोन्ही मांडीहून जाड, हिरवीगार. यांनी हाताची बंदूक धरून कल बघितला. झुला गुडघ्याच्या उंचीवर ठेवला. आधी हातानं दाबून बघितला, मग मी बसले, मग हे, मग दोघं आडवे. पट्टा जरासा कुरकुरला आणि स्थिर झाला.

किती वेळ तसे पडून होतो कुणास ठाऊक. वर पानांतून ऊन हलत होतं. खालच्या वाडीत कुणीतरी लाकूड फोडत होतं. यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. इतक्या वर्षांत आम्ही दिवसाउजेडी असे शेजारी पडलो नव्हतो, घरात माणसंच तेवढी. मला वाटलं, आता बोलावं, सगळं बोलावं. तर हेच आधी बोलले.

"एक सांगायचं व्हतं. मी फॉर्म भरलाय."

"कसला?"

"माजी सैनिकांना परत घेत्यात, फौजेच्या डेपोच्या राखणीला. राजस्थानात मिळतंय. पुढल्या महिन्यात जायचं."

मला उठून निघून जायचं होतं. पण दोघांच्या झुल्यातून रागानं उठता येत नाही. एकानं अंग उचललं की दुसरा कलंडतो. यांची पाठ नुकती बरी झालेली. मी तशीच पडून राहिले, यांच्या खांद्याला खांदा लावून, आणि डोळ्यांतलं पाणी कानात जाऊ दिलं.

मग विचारलं, "घरी काय कमी हाय?"

"काय सुदिक न्हाई," हे म्हणाले. "सकाळी उठल्यावर काय करायचं तेवढंच कळत न्हाई. तू शाळेत जातीस, मी भिंतीकडं बघत बसतो. तुझ्यावर चिडाय लागायच्या आधी जातो."

ते खरं बोलत होते, हे मला आवाजावरून कळलं. आम्ही आणलेली भाकरी खाल्ली, पट्टे सोडून गुंडाळले आणि उजेड आहे तोवर घरी आलो.

हे गेले. झुला घरीच ठेवून गेले. गेल्या महिन्यात एका रविवारी मी एकटीनं तो बांधावरच्या आंब्याला आणि जांभळाला बांधला आणि व्हिडिओ कॉल लावला. यांच्या मागं उघडं रान आणि वाळू दिसत होती. हे गणवेशात होते.

"पट्टा दाखव. जवळ ने. पीळ पडलाय बघ, सरळ कर. आंब्याकडचा एक फास वर घे."

मी घेतला.

"आता बस. हळू."

मी बसले. फोन हातात धरून आडवी झाले. हे नुसते बघत राहिले. मीही बघत राहिले. मग मागून कुणीतरी हाक मारली आणि हे म्हणाले, "ठेवतो गं."

दोघांच्या झुल्यात एकटं माणूस मधोमध घसरतं, कितीही कडेला सरकलं तरी. मी थोडा वेळ पडून राहिले. ऊन पट्ट्यावर यायला लागलं तशी उठले, कारण सतत ऊन खाऊन पट्टा कमजोर होतो, असं दुकानातल्या बाईनं सांगितलं होतं. दोन्ही पट्टे सोडले, शिवणी बोटांनी तपासल्या. कुठं धागा सुटलेला नव्हता. पिशवीत भरले आणि उसाच्या कडेनं घराकडं निघाले. यांची सुट्टी अजून मंजूर झालेली नाही.