बोट ठेवाल ती दाढ

कोट शिवणाऱ्या त्या दुकानात हाताने काजं घालायची ती एकटीच. सगळे तिला मावशी म्हणत, तिच्याहून थोरला असलेला मास्तरसुद्धा. काज पुरं झालं की दोरा उजव्या दाढेने तोडायचा, ही तिची जन्माची खोड. कात्री शेजारीच पडलेली असे, पण तिच्याकडे हात लांबवायचा मावशीला कंटाळा.

दुकानाची रीत अशी, की गिऱ्हाईक बोट ठेवील तिथेच उसवायचं. कोट खांद्यात दाटतो म्हणणाऱ्याची चूक बहुतेक वेळा मुंढ्यात, बाही जोडतात तिथे असते, हे मास्तरला ठाऊक आणि मावशीलाही. पण समजावत कोण बसतो? कोट बिघडला की मास्तर थंडपणे म्हणे, "तुम्हीच बोट ठेवलं होतंत." गिऱ्हाईक पैसे मोजून निघे. त्याची पाठ वळली की दोघं पोट धरून हसत.

एके दिवशी दोरा तोडताना मावशीच्या उजव्या गालात विजेच्या तारेसारखा झटका बसला. मग तोंड धुताना, दात घासताना, पंख्याचा वारा लागला तरी तेच. क्षणभराचा खेळ, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी. घास तोंडात घ्यायचीही तिला धास्ती वाटू लागली.

"कामाची वेळ झाली की बरं दुखतं हिचं!" जाऊबाईंनी निदान करून टाकलं. नवरा म्हणाला, "दाढ किडली असेल, काढून टाक."

दातांच्या डॉक्टरने फोटो काढला, ठोकून पाहिलं. "दाढ तशी चांगली दिसतेय. नक्की कुठली दुखते?"

मावशीने बोट ठेवलं. "हीच. माझं दुखणं मला नाही का कळत?"

त्याने काढली. आणि दुखणं खरंच गप्प बसलं! मावशी त्याला देवमाणूस म्हणत हिंडली. काही आठवड्यांनी झटका परत आला, आता शेजारच्या दाढेत. तिने पुन्हा बोट ठेवलं, त्याने पुन्हा काढली. तिसरीही तशीच गेली. दर वेळी थोडे दिवस आराम पडे, तिथेच सगळा घात झाला.

मग जबड्याच्या डॉक्टरने झोपताना दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी दिली. आणखी एकाने तिचं वय विचारलं, घरात भांडणं होतात का विचारलं, आणि मन रमवायला सांगितलं. हिला उशीला गाल टेकता येत नाही, आणि हा शहाणा म्हणतो मन रमवा! जाऊबाईंना मात्र तो सल्ला फार पटला.

जीव मेटाकुटीला आल्यावर मावशी मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या नसांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधी पुरतं बोलू दिलं. मग कापूस गालाला हलकेच लावला, तर मावशी खुर्चीतच कळवळली.

"ही चेहऱ्याची नस आहे. दातांचा काही संबंध नाही. हे दुखणं मधूनमधून आपोआप थांबतं, म्हणून माणूस फसतो."

"मग माझ्या दाढा?"

बाईंनी मान खाली घालून गोळ्या लिहिल्या. "त्या चांगल्याच असणार," त्या म्हणाल्या.

गोळ्यांनी झटके थांबले. डोळ्यांवर झापड मात्र कायमची बसली, सुई भलतीकडेच शिरू लागली. एवढा संताप मावशीला आयुष्यात आला नव्हता. दातांच्या डॉक्टरला काय काय सुनवायचं ते जुळवतच ती त्याच्याकडे गेली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दाढ चांगली दिसतेय असं मी म्हटलं होतं, बाई. तुम्हीच बोट ठेवलं होतंत."

अगदी मास्तरचा सूर. मावशी उठली आणि जुळवलेलं सगळं तसंच घेऊन दुकानात परतली.

आरशासमोर एक गिऱ्हाईक खांद्यावर बोट ठेवून उभं होतं. मास्तर खडू उचलणार, तोच मावशी म्हणाली, "थांबा. खांदा नाही, मुंढा बघा आधी."

गिऱ्हाईक भडकलं. "कोट माझ्या अंगात आहे. कुठे दाटतो ते मला नाही का कळत?"

मास्तर मावशीकडे बघून डोळे मिचकावत हसला. तिला हसू आलं नाही. तिने कोट ओढून घेतला आणि गिऱ्हाइकाने बोट ठेवलं होतं तिथेच उसवून पुन्हा शिवला. शेवटचा टाका घालून दोरा सवयीने तोंडात उजवीकडे धरला, तर तो नुसत्या हिरडीवरून घसरला. मग तिने कात्रीकडे हात लांबवला.