बेटावरचे पांढरे दगड

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवळातही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असतात, तर तुमच्यावरही मी संशयच घेतला असता.

विसरवाडीच्या चौफुलीवर आमचं किराणा दुकान. आजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासूनचं. गल्ल्यावर वाढलेल्या पोराला संशय शिकवावा लागत नाही. गिऱ्हाईक पिशवी कोणत्या हाताने धरतं, हे मी न बघता बघतो. पुढे दुकान भावाकडे गेलं आणि मी पक्ष्यांच्या नादाला लागलो. धरणाच्या फुगवट्यातलं राखीव पाणी दाखवायला पाहुणे नेऊ लागलो. पण नजर? ती दुकानातलीच राहिली.

होडी रेवजीभाऊची. काठावरच्या पाड्यातला, माझ्याहून वयाने मोठा, तरी मला शेठ म्हणायचा. तो वल्ही मारायचा, मी पक्षी दाखवायचो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधे वाळूचं बेट उघडं पडतं आणि नदी सुरय पक्षी तिथे अंडी घालतात. घरटं कसलं, वाळूतला खळगा. अंडीही वाळूच्याच रंगाची. पाहुण्यांना मी बेटाच्या कडेकडेने फिरवायचो आणि प्रत्येक पावलाला माझा जीव वर-खाली व्हायचा.

म्हणून मी घाटातून पांढऱ्या गारगोट्या आणल्या आणि प्रत्येक घरट्याशेजारी एकेक ठेवली. पांढरं दिसलं की पाय उचला, असं पाहुण्यांना सांगायचं. काय हुशारी वाटली होती माझी मलाच!

आणि अंडी नाहीशी होऊ लागली. एक घरटं, मग शेजारचं, मग पलीकडचं. कोण नेत असेल? बेटावर जायला होडी लागते. होडी कोणाच्या दारात बांधलेली असते? हिशोब असा चटकन जुळला की मी पुन्हा तपासलासुद्धा नाही.

गावच्या पर्यटन समितीत मी रेवजीभाऊचं नाव घेतलं नाही. हे नीट ऐका — घेतलं नाही. अध्यक्षांना बाजूला घेऊन एवढंच म्हणालो, "होडी तर त्याच्याच दारात असते, बाकी तुम्ही बघा." पुढचं काम त्या वाक्याने केलं. समितीने त्याला थांबवलं आणि दुसरी होडी ठरवली.

पण मला पुरावा हवा होता. संशयी माणसाचं पोट संशयाने भरत नाही. काठावरच्या बाभळीआड दुर्बीण लावून बसलो, रेवजीला रंगेहाथ पकडायला. रेवजी आला नाही. कावळा आला.

तो शोधत नव्हता. पांढऱ्या दगडाशी उतरला, शेजारचं अंडं फोडलं, मान वर केली आणि चालत थेट पुढच्या पांढऱ्या दगडाकडे गेला. वरून सुरय किंचाळत झेपावत होते, पण त्याला घाई नव्हती. पत्ता मीच लिहून ठेवला होता ना.

तेव्हा मला काय वाटलं? लाज? ती नंतर. आधी मी विचार केला, हा कावळा रेवजीने पाळलेला तर नसेल! हसा. मीही हसलो असतो, पण खरंच शोधत होतो, तो कुठूनतरी दोषी ठरावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी नव्या होडीवाल्याची होडी मागून घेतली आणि एकटा बेटावर जाऊन सगळ्या गारगोट्या पाण्यात फेकल्या. उरलेली अंडी वाचली, पिल्लं निघाली. आणि गावाला काय दिसलं? रेवजी गेला आणि चोरी थांबली. याहून मोठा पुरावा कोणाला हवा होता? समितीत सगळे माना डोलावत होते. मी तिथे बसलो होतो. माझीही मान डोलली.

ऊसतोडीला बारडोलीकडे निघण्याआधी रेवजीभाऊ दुकानात आला. भाऊ जेवायला गेला होता, म्हणून गल्ल्यावर मी होतो. मला वाटलं, कळलं याला. मी गल्ल्यामागे सरकलो. तो म्हणाला, "सगळा बोलनात मन्हा नावनं, शेठ. तू एकला नही बोलना." सगळे त्याच्याविरुद्ध बोलले, मी एकटा बोललो नाही — म्हणून तो माझे आभार मानत होता! मी म्हणालो, "मन्हा तुन्हावर भरोसा शे." त्याने माझा हात हातात घेतला. माझा तो हात मला आजही नकोसा होतो.

आता मी पाहुण्यांना बेट लांबूनच दाखवतो. कोणीतरी विचारतंच, इथे अंडी चोरीला जात होती म्हणे? मी म्हणतो, हो, एक माणूस होता, आता नाही. पाहुण्यांना ते आवडतं, आणि मी ते छान रंगवून सांगतो.

रेवजी तिकडे बारडोलीकडेच राहिला. दर उन्हाळ्यात त्याचा फोन येतो. आधी पिल्लं निघाली का, विचारतो. निघाली, म्हणतो मी. मग तो थोडा थांबतो. तो थांबला की मला दरवेळी वाटतं, याला ठाऊक आहे, हा मला खेळवतोय. ते असतं तर बरं झालं असतं. पण त्याचा आवाज साधा असतो, काळजीचा.

"शेठ, तो चोर सापडना का?"

"नही," मी म्हणतो.