अनसूयाबाईंची चव

अनसूयाबाईंना मी साक्षरता वर्गामुळे ओळखते. मी जेथे लिहा-वाचायला शिकते तो आमचा प्रौढांचा वर्ग डोंगरीच्या प्राथमिक शाळेत दुपारी भरतो. मी पालीहून येते. मिळेल ती बस धरावी लागत असल्याने मी पुष्कळ लवकर पोहोचते व वर्ग उघडेपर्यंत शाळेच्या स्वयंपाकघरापाशी बसते. तेथे अनसूयाबाई मुलांचे जेवण शिजवीत असत. मला पाहून त्या म्हणत, “आलात ताई? आज तरी ‘ञ’ येतोय का, का परत तिथंच गाडी बंद?” मी हसत असे व त्यांच्यासोबत तांदूळ निवडत असे.

आता त्या शिजवीत नाहीत. भाजी चिरतात, पातेली घासतात आणि मधूनच भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून घेतात. हे कसे झाले ते मी लिहीत आहे.

मुलांना वाढण्याआधी जेवण एका शिक्षिकेने व स्वयंपाक करणाऱ्या बाईने चाखावे, असा शाळेचा नियम आहे. हे काम सुचेताबाईंकडे होते. परंतु त्यांचा सोमवारी उपास, गुरुवारी उपास, शिवाय चतुर्थी. मग त्या दारातूनच विचारीत, “अनसूयाबाई, तुम्ही चाखलंत ना?” उत्तर मिळाले की जेवण वाढले जाई. अनसूयाबाईंच्या हातावर सर्वांचा विश्वास होता, म्हणून यात कोणालाही वावगे वाटले नाही.

मागच्या वर्षी अनसूयाबाईंना मोठा ताप आला. तो उतरला, पण वास कळणे बंद झाले. त्यांनी हे कोणास सांगितले नाही. त्यांचे पती अमृत मिठागरावर कामाला होते. मिठागर बंद झाल्यापासून ते घरीच आहेत. घर अनसूयाबाईंच्याच कामावर चालत होते. मीठ आणि तिखट जिभेला कळते, तेवढ्यावर निभेल, असे त्यांनी स्वतःला समजावले.

तो गुरुवार होता. आदल्या दिवशी शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यामुळे भिजवलेली मटकी फडक्यात एक दिवस जास्त बांधून राहिली होती. उकाडाही फार होता. अनसूयाबाईंनी तिची उसळ केली आणि नेहमीप्रमाणे आमसूल घातले. सुचेताबाई दारात आल्या.

“माझा गुरुवार आहे. चाखलंत ना?”

“चाखलंय बाई. मीठ बरोबर हाय.”

त्या वळल्या. इतक्यात वाफ माझ्याकडे आली.

“अनसूयाबाई, मटकी आंबली आहे,” मी म्हणाले.

“आमसूल हाय ना त्यात. आंबट वास येणारच की.”

“आमसुलाचा वास असा नसतो.”

त्यांनी डाव नाकाशी धरला. पुन्हा धरला. मग तो पातेल्यात ठेवून त्या खाली बसल्या. “मला कसलाच वास येत न्हाय, ताई,” त्या हळूच म्हणाल्या. “ताप आला तवापासनं.”

सुचेताबाई परत आल्या, वास घेतला आणि उसळ टाकून देण्यास सांगितले. मूगडाळीची खिचडी नव्याने चढवावी लागली. पहिलीची मुले ताटे घेऊन ओळीत बसूनच होती. एक मुलगी ताटावर डोके ठेवून झोपली. अनसूयाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

मुले जेवल्यावर सुचेताबाई त्यांच्याजवळ आल्या. त्याही थकल्या होत्या. त्या म्हणाल्या, “झालं ते झालं. उन्हाळ्यात आमच्याकडेही मटकी आंबते. विषय वाढवू नका.”

“मटकीचं न्हाय, बाई. माझं नाकच गेलंय.”

“हे मोठ्या बाईंना कळलं, तर तुमच्याकडून स्वयंपाक काढून घेतील. कदाचित घरीच बसवतील. अमृतभाऊंचं काय करणार?”

अनसूयाबाईंनी पदराने तोंड पुसले.

“काय करायचं ते करू. तुमीच सांगा मोठ्या बाईंना, मला नीट सांगता येणार न्हाय,” त्या म्हणाल्या. “आणि तुमचा उपास असंल तवा दुसऱ्या कुणाला तरी चाखायला पाठवा. माझ्या एकटीच्या चवीवर पोरांना वाढू नका.”